विस्मृत शोधांचे स्मरण : तळपदे यांचे विमान आणि भिसे यांचे यंत्र

'काळाच्या उदरात गडप झालेले शोध' हा मराठी नियतकालिकांचा आणि व्याख्यानमालांचा एक आवडता विषय आहे. या विषयावरील लेखनाचा ढाचा ठरलेला असतो. एखाद्या जुन्या यंत्राचे वर्णन, ते पाश्चात्त्यांच्या कितीतरी आधी आपल्याकडे होते असा दावा, आणि शेवटी आपल्या करंटेपणाबद्दल खेद. अशा लेखनामागील तळमळ खोटी असते असे म्हणता येणार नाही. तथापि एखादा शोध 'विस्मृतीत गेला' असे म्हणण्यापूर्वी तो शोध मुळात लागला होता हे सिद्ध व्हावे लागते, ही साधी अट या लेखनात क्वचितच पाळली जाते. परिणामी जे घडल्याचा पुरावा नाही त्याचे आपण उत्सव करतो, आणि जे घडल्याची कागदपत्रे उपलब्ध आहेत ते कोशातील नोंदीपुरते उरते. प्रस्तुत लेखात या विसंगतीचा विचार मुंबईतील दोन समकालीन व्यक्तींच्या संदर्भात करावयाचा आहे. शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) आणि शंकर आबाजी भिसे (१८६७-१९३५) या त्या दोन व्यक्ती होत.

या दोघांची तुलना सुचली ती वर्गात. विज्ञानाच्या इतिहासाविषयी बोलताना तळपदे यांचे नाव घेतले की निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांचे हात वर होतात. भिसे यांचे नाव घेतल्यावर एकही हात वर झाल्याचे प्रस्तुत लेखकाला आठवत नाही. अध्यापक-कक्षातील चित्र याहून फारसे वेगळे नाही, हेही प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे.

स्मरणाचे निकष

प्रथम निकषांचा विचार करू. त्यासाठी मुंबईबाहेरची, निर्विवाद अशी दोन उदाहरणे घेणे सोयीचे होईल.

ग्रीसमधील अँटिकिथेरा बेटाजवळ बुडालेल्या एका प्राचीन जहाजाच्या अवशेषांतून १९०१ मध्ये गंजलेल्या ब्राँझचा एक गोळा वर आला. १९०२ मध्ये त्यात दातेरी चाके असल्याचे लक्षात आले. पुढे क्ष-किरणांच्या साहाय्याने झालेल्या अभ्यासातून, विशेषतः डेरेक प्राइस यांच्या १९७४ च्या प्रबंधातून आणि २००५ मध्ये सुरू झालेल्या नव्या छायांकनातून, हे सूर्य-चंद्राच्या गती आणि ग्रहणांची चक्रे दाखविणारे यंत्र असल्याचे स्पष्ट झाले. किमान तीस दातेरी चाके आजही त्यात मोजता येतात. त्याच्या तोडीचे दातेरी चाकांचे काम त्यानंतर हजाराहून अधिक वर्षे आढळत नाही. हे यंत्र कोणी बनविले हे सांगणारा ग्रंथ नाही. परंतु वस्तू आहे, आणि ती अथेन्सच्या संग्रहालयात जाऊन पाहता येते.

दुसरे उदाहरण नेमके उलट आहे. चीनमधील सोंग राजवटीच्या काळात सू सोंग या अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली काइफंग येथे अकराव्या शतकाच्या अखेरीस एक भव्य जलचलित खगोलघड्याळ उभे राहिले. त्याची उंची सुमारे बारा मीटर होती. छत्तीस पात्रांचे एक मोठे चाक पाण्याच्या भाराने टप्प्याटप्प्याने फिरे आणि दर टप्प्याला तरफांची रचना त्याला क्षणभर अडवून धरी. ११२७ मध्ये जिन सैन्याने काइफंग जिंकल्यावर ते घड्याळ सुटे करून उत्तरेकडे नेण्यात आले आणि त्याचा उपयोग हळूहळू संपुष्टात आला. पुढे काही शतकांनी युरोपीय जेझुइट घड्याळे घेऊन चीनमध्ये पोहोचले, तेव्हा यांत्रिक घड्याळ ही वस्तू तेथे सर्वस्वी नवी मानली गेली. येथे वस्तू नष्ट झाली. परंतु सू सोंगने लिहिलेला सचित्र ग्रंथ टिकला. त्यावरूनच नीडहॅम, वांग लिंग आणि प्राइस यांना १९६० मध्ये या यंत्राची कार्यपद्धती मांडता आली.

म्हणजे एके ठिकाणी लेखाविना वस्तू आहे आणि दुसऱ्या ठिकाणी वस्तूविना लेख. दोन्ही शोध खऱ्या अर्थाने विस्मृत होते आणि दोन्ही परत मिळाले, कारण दोहोंपैकी एक तरी गोष्ट शिल्लक होती. हाच निकष आता आपल्या घरच्या उदाहरणांना लावून पाहू.

चौपाटीवरील विमान

तळपदे यांच्याविषयीची कथा सर्वपरिचित आहे. १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर त्यांनी 'मरुत्सखा' नावाचे मानवरहित विमान उडविले, ते सुमारे पंधराशे फूट उंच गेले, सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे तेथे उपस्थित होते आणि 'केसरी'ने त्याची बातमी दिली, अशी ही कथा आहे. राइट बंधूंचे उड्डाण १९०३ चे. त्यामुळे आठ वर्षे आधी एका मराठी माणसाने विमान उडविले, हा कथेचा गाभा आपोआपच मनाची पकड घेतो. २०१५ मध्ये या कथेवर 'हवाईजादा' हा हिंदी चित्रपटही येऊन गेला.

कथेतील काही तपशील संभवनीय आहेत. रानडे १८९३ पासून मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. तेव्हा ते चौपाटीवर असणे अशक्य नव्हे. परंतु संभवनीयता म्हणजे पुरावा नव्हे. 'केसरी'चा हवाला बहुतेक ठिकाणी अंकाच्या तारखेविनाच दिला जातो, आणि एकाने दिलेला हवाला दुसरा तसाच उचलतो. १८९५ ची मुंबई ही वृत्तपत्रांची नगरी होती. 'टाइम्स ऑफ इंडिया', 'बॉम्बे गॅझेट', 'इंदुप्रकाश', 'मुंबई समाचार' आणि 'रास्त गोफ्तार' या सर्वांच्या डोळ्यांदेखत एक यंत्र पंधराशे फूट उंच जाते, आणि त्याचा आधार म्हणून पुण्याच्या एका पत्राचेच नाव पुन्हा पुन्हा पुढे येते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला खटकले पाहिजे. त्याच वर्षी पुण्यातील काँग्रेसच्या अधिवेशनाच्या वेळी सामाजिक परिषदेच्या मंडपावरून टिळक आणि रानडे यांच्या पक्षांत उघड वाद झाला होता. रानडे ज्या प्रसंगी मानाचे पाहुणे होते, त्या प्रसंगाचे 'केसरी'ने त्या वर्षी कोणत्या शब्दांत वर्णन केले असते हे वाचावयास कोणाला आवडणार नाही? अंक दाखविला जावा एवढीच अपेक्षा आहे.

याउलट एक वर्षानंतरची दुसरी घटना पाहावी. ६ मे १८९६ रोजी अमेरिकेत पोटोमॅक नदीवर सॅम्युएल लँग्ली यांच्या वाफेच्या इंजिनावर चालणाऱ्या मानवरहित विमानाने सुमारे एक किलोमीटरचे उड्डाण केले. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तेथे हजर होते आणि त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले. दिनांक, स्थळ, साक्षीदार, छायाचित्र आणि ते यंत्र या सर्व गोष्टी आज उपलब्ध आहेत. म्हणजे मानवरहित उड्डाण ही त्या दशकात अशक्य गोष्ट नव्हती. प्रश्न शक्यतेचा नसून नोंदीचा आहे.

या कथेला दुसरा आधार दिला जातो तो 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथाचा. हा ग्रंथ भरद्वाज ऋषींचा असल्याचे सांगितले जाते. ग्रंथाच्या प्रकाशकाच्याच निवेदनानुसार पंडित सुब्बराय शास्त्री यांनी तो १९१८ ते १९२३ या काळात तोंडी सांगितला आणि लेखनिकाने उतरवून घेतला. तळपदे यांचा मृत्यू १९१६ चा आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील मुकुंद, देशपांडे, नागेंद्र, प्रभू आणि गोविंदराजू या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये या ग्रंथाची चिकित्सा प्रसिद्ध केली. ग्रंथाची भाषा वैदिक नाही, त्याची रचना १९०४ पूर्वीची असू शकत नाही, आकृत्या स्थानिक अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका आरेखकाने विसाव्या शतकात काढलेल्या आहेत आणि वर्णिलेले एकही विमान उडण्याच्या योग्यतेचे नाही, असे निष्कर्ष त्यांनी काढले. या चिकित्सेतील एक तपशील मराठी लेखनात सहसा येत नाही. शास्त्री यांच्या अपुऱ्या आत्मचरित्राचा आधार घेऊन या अभ्यासकांनी नमूद केले आहे की, शास्त्री यांच्या मार्गदर्शनाखाली तळपदे यांनी विमानाच्या प्रतिकृती करून पाहिल्या, परंतु त्यांतील एकही उडविण्यात त्यांना यश आले नाही. म्हणजे ज्या परंपरेच्या नावाने ही कथा सांगितली जाते, त्या परंपरेतील सर्वांत जवळचा साक्षीदारच तिला दुजोरा देत नाही.

पाऱ्याच्या इंजिनाविषयीही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे, कारण विज्ञानशाखेतील सहकारीही या युक्तिवादाने प्रभावित होताना दिसतात. मरुत्सखा पाऱ्यावर चालत असे आणि अमेरिकेच्या 'नासा'ने पुढे पाऱ्याचेच आयन-इंजिन बनविले, असा हा युक्तिवाद आहे. 'नासा'ने १९६४ मध्ये अंतराळात अशा इंजिनाची चाचणी घेतली हे खरे आहे. परंतु त्याचा रेटा फार तर एखाद्या कागदाच्या वजनाइतका होता आणि ते निर्वात पोकळीतच चालू शकते. चौपाटीच्या वाळूवरून ते स्वतःलाही उचलू शकले नसते. पाऱ्याच्या नामसाम्यावरून दोन यंत्रांचे नाते जोडणे म्हणजे रसशाळेतील पारा आणि तापमापकातील पारा एकच असल्यामुळे वैद्य तापमापकाचा जनक ठरविण्यासारखे आहे.

यात सर्वाधिक अन्याय तळपदे यांच्यावरच झाला आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. वसाहतीच्या काळात, कोणत्याही संस्थेच्या पाठबळाविना, उड्डाणाचा ध्यास घेऊन प्रतिकृती करणारा एक मुंबईकर ही स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी व्यक्ती आहे. त्याचे अपयश प्रांजळपणे लिहिले असते तर ते तंत्रज्ञानाच्या इतिहासाचे एक मोलाचे प्रकरण झाले असते. दंतकथेने त्यांना यश बहाल केले आणि त्यांचे खरे काम झाकून टाकले.

भिसे आणि खिळ्यांचे यंत्र

शंकर आबाजी भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबई येथे झाला. तरुणपणीच त्यांनी मुंबईत एक विज्ञान मंडळ स्थापन केले आणि लहानमोठी यंत्रे करण्यास प्रारंभ केला. रेल्वेच्या डब्यातील उतारूंना पुढील स्थानकाचे नाव दाखविणारे एक यंत्रही त्यांत होते. लोकलने प्रवास करणाऱ्यांना तशी सोय मिळण्यास पुढे किती दशके जावी लागली हे मुंबईकर वाचकांना सांगावयास नको. एका इंग्रजी नियतकालिकाने किराणा मालाचे आपोआप वजन करणाऱ्या यंत्रासाठी स्पर्धा जाहीर केली तेव्हा भिसे यांच्या आराखड्याची निवड झाली, आणि एकोणिसावे शतक संपता संपता ते लंडनला गेले. तेथे दादाभाई नौरोजी यांचा आधार त्यांना लाभला. दादाभाईंच्या संग्रहात या दोघांमधील पत्रव्यवहार जतन झालेला आहे. भारतातून संपत्तीचा ओघ इंग्लंडकडे वाहतो हे आकडेवारीने मांडणारा हा वृद्ध नेता एका तरुण यंत्रसंशोधकाच्या पेटंटांमध्ये लक्ष घालतो, ही गोष्ट मराठी वाचकांपुढे अधिक ठळकपणे यावयास हवी होती.

भिसे यांचे प्रमुख काम म्हणजे 'भिसोटाइप' हे मुद्रणाचे खिळे ओतणारे यंत्र. त्याचे महत्त्व ध्यानात येण्यासाठी त्या काळातील छपाईची स्थिती पाहावी लागते. प्रत्येक अक्षरासाठी शिसे, अँटिमनी आणि कथिल यांच्या मिश्रधातूचा एकेक खिळा ओतावा लागे. मातृकेवर साचा बसवावयाचा, त्यात वितळलेला धातू सोडावयाचा, तो थंड होताच खिळा बाहेर काढून घासून घ्यावयाचा, असे हे काम होते. १८३८ च्या ब्रूस यंत्राने ते हातातून यंत्राकडे नेले. १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या एका दैनिकात लायनोटाइप आले आणि सबंध ओळ एकसंध ओतली जाऊ लागली. पाठोपाठ सुटी अक्षरे ओतून जुळविणारे मोनोटाइप आले. या दोन बलाढ्य स्पर्धकांच्या मैदानात भिसे उतरले होते.

त्यांच्या यंत्राने मिनिटाला बाराशे खिळे ओतले जात, असे त्यांच्यावरील लेखनात येते. आणि त्या काळातील इतर यंत्रे याच्या जवळपासही नव्हती, असे सूचित केले जाते. येथे थोडे सावध राहावयास हवे. लंडनमध्येच फ्रेडरिक विक्स यांचे फिरत्या साच्यांचे यंत्र तासाला साठ हजारांच्या आसपास खिळे ओतीत होते, म्हणजे मिनिटाला सुमारे एक हजार. भिसे यांचा वेग अद्वितीय होता असे म्हणण्याऐवजी तो त्या काळातील सर्वोत्तम यंत्रांच्या पंक्तीत बसणारा होता, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. तळपदे यांच्या चाहत्यांना लावलेला निकष भिसे यांच्या चाहत्यांनाही लावला पाहिजे, आणि प्रस्तुत लेखक त्यांपैकी एक आहे. अतिशयोक्ती काढून टाकल्यावरही भिसे यांचे स्थान पुरेसे उंच राहते. यंत्राची पेटंटे त्यांना मिळाली, आणि पेटंट देताना परीक्षक नवीनता तपासतो; वृत्तपत्रीय वार्तेत अशी तपासणी नसते.

यंत्र तयार झाले की पैसा आपोआप येतो, हा समज भिसे यांच्या चरित्रातून खोटा ठरतो. ब्रिटिश समाजवादी नेते हेन्री हाइंडमन यांनीही त्यांच्यासाठी भांडवल जमविण्याचा प्रयत्न केला. ज्या गृहस्थाने भांडवलशाहीवर आयुष्यभर टीका केली, त्याने एका भारतीयाच्या यंत्रासाठी भांडवलदारांचे उंबरठे झिजवावेत हा योग विलक्षणच म्हणावयाचा. प्रयत्न फसला. १९०८ च्या अखेरीस काम बंद करून भिसे मायदेशी निघाले. बोटीवर त्यांची गोपाळ कृष्ण गोखले यांच्याशी गाठ पडली. गोखल्यांनी जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे शब्द टाकला आणि १९१० मध्ये 'टाटा-भिसे इन्व्हेन्शन सिंडिकेट' अस्तित्वात आले. तेही काही वर्षांतच बंद पडले. पुढे भिसे अमेरिकेत गेले आणि अखेरपर्यंत न्यूयॉर्क येथेच राहिले. विसाव्या दशकात तेथे त्यांनी खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी पुन्हा एक कंपनी काढली. ७ एप्रिल १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

व्यापारी दृष्ट्या त्यांना जे यश मिळाले ते बव्हंशी मुद्रणयंत्राने नव्हे, तर 'ॲटोमिडीन' या आयोडीनयुक्त औषधाने. त्या औषधाविषयी केलेले व्यापक दावे आजच्या वैद्यकाच्या कसोटीवर उतरणारे नाहीत. उत्तरायुष्यात भिसे अध्यात्मवादाकडे झुकले आणि मृतात्म्यांशी संवाद साधण्यासाठी 'आत्म्यांचा टंकलेखक' असे एक साधनही त्यांनी तयार केले. या गोष्टी गौरवपर लेखनातून सामान्यतः वगळल्या जातात. त्या वगळण्याचे कारण नाही. त्या काळात युरोप-अमेरिकेतील काही नामांकित शास्त्रज्ञही प्रेतात्म्यांच्या बैठकांना बसत होते. भिसे त्या काळाचेच होते.

अमेरिकेत त्यांना 'भारताचा एडिसन' म्हटले गेले आणि १९३० मध्ये त्यांची एडिसन यांच्याशी भेटही झाली. या उपाधीचा आपल्याला अभिमान वाटतो, परंतु ती फसवी आहे. एडिसनपाशी मेन्लो पार्कची प्रयोगशाळा, वेतनावरील कारागीर, वकिलांची फौज आणि वॉल स्ट्रीटचा पैसा होता. भिसे यांच्यापाशी दादाभाईंचा शब्द आणि टाटांचा काही वर्षांचा आश्रय होता. बुद्धीची तुलना करणाऱ्या या उपाधीने या सर्व फरकावर पडदा पडतो. तळपदे यांना 'राइट बंधूंच्या आधीचे' म्हणतानाही आपण मापदंड बाहेरूनच आणतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

विस्मरणाची कारणे

मग भिसे का विसरले गेले? त्यांचे यंत्र दिसत नाही, हे एक कारण होय. विमान आकाशात दिसते. खिळे ओतणारे यंत्र छापखान्याच्या मागच्या खोलीत असते, आणि वाचकाच्या हाती येते ते पुस्तक. मराठी वाचकाला 'निर्णयसागर'च्या टाइपाचे सौंदर्य ठाऊक असते. परंतु त्या टाइपांचे ठसे कोरणारे राणूजी रावजी आरू यांचे नाव किती जणांना ठाऊक आहे? देवनागरीच्या जोडाक्षरांमुळे जुळाऱ्यासमोर शेकडो घरांची मांडणी असे आणि त्या श्रमावर मराठी ग्रंथव्यवहार शतकभर उभा होता. त्या श्रमाचा इतिहासही आपण तुटपुंजाच लिहिला आहे. पुढे छायाक्षरजुळणी आणि संगणक आल्यावर खिळे भंगारात गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांना ओतणाऱ्या यंत्रांची आठवणही गेली.

दुसरे कारण अधिक अवघड आहे. भिसे यांची कहाणी सांगावयाची तर पेटंट, भागभांडवल, मुदत संपलेले करार आणि फसलेल्या कंपन्या यांविषयी बोलावे लागते. तीत खलनायक सापडत नाही. तळपदे यांच्या कथेत इंग्रज सरकारने काम दडपले असे एक वाक्य पुरते. भिसे यांच्या कहाणीत काही इंग्रज मदत करतात, काही पाठ फिरवितात, एक भारतीय उद्योगपती पैसा घालतो आणि मग थांबतो. हा व्यवहार अभिमानाच्या भाषेत बसत नाही. जानेवारी २०१५ मध्ये मुंबई विद्यापीठात भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला आणि देशभर चर्चा झाली. त्याच शहरात जन्मलेल्या, पेटंटधारक भिसे यांचा त्या चर्चेत कोणी उल्लेख केल्याचे आढळले नाही. आक्षेप घेणाऱ्यांनीही तो केला नाही, ही गोष्ट अधिक लागणारी आहे.

आपल्या महाविद्यालयांपुरते बोलावयाचे तर या विषयात करण्यासारखे काम पडून आहे आणि त्याला मोठ्या अनुदानाची आवश्यकता नाही. भिसे यांच्या पेटंटांचे मसुदे आकृत्यांसह सार्वजनिकरीत्या उपलब्ध आहेत. दादाभाईंचा पत्रसंग्रह दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. १८९५ च्या मुंबईतील वृत्तपत्रांच्या संचिका ग्रंथालयांत आहेत, आणि चौपाटीवरील उड्डाणाचा प्रश्न सुटण्याची शक्यता असेल तर तीही त्याच पानांत आहे. पेटंटातील आकृती भौतिकशास्त्राच्या अध्यापकाला वाचता येते, पत्रांतील संदर्भ इतिहासाच्या अध्यापकाला कळतो, आणि मसुद्यातील इंग्रजी कायदेशीर भाषेला मराठीत आणताना मातृका, साचा, खिळा, जुळारी हे छापखान्यातले शब्द मराठी विभागाला आठवतात. पहिल्या टप्प्यात भिसे यांच्या खिळे ओतण्याच्या यंत्राचे एकच पेटंट निवडून त्याचा सटीप मराठी अनुवाद करावा आणि त्याच वेळी १८९५ चे 'केसरी'चे अंक जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत ओळीने वाचून काढावेत. पदव्युत्तर वर्गातील दोन विद्यार्थ्यांना एका सत्रात पेलण्याजोगे हे काम आहे.